होडीच्या भायेर काढलेले बूट

कुंदाताई गेली ही खबर आमच्या दारात रिक्षानं आली. मी ओट्यावर बसून करंदी सोलत होते. रिक्षा थांबली, त्यातनं इस्त्रीच्या शर्टातला एक बाप्या उतरला आनि रिक्षावाल्यानं पाठीमागून खोके काढायला घेतले. एक ठेवला, आनखी एक ठेवला, परत आत हात घातला... मी आपली बगतेय. आमच्या पाचूबंदरात असा चांगल्या कपड्यांतला मानूस सामान घेऊन दारात आला तर त्याला दोनच गोष्टी पायजे असतात, एक तर मत, नायतर जागा. "यमुनाबाई तुम्हीच का?" तो बोलला. मी बोलले, "कोन इचारतंय?" तर बोलला, "मी कुंदाताईंचा भाचा. मावशी गेली. झोपेतच गेली, त्रास नाही झाला. ही पुस्तकं तुम्हांला द्यायची असं सांगून ठेवलं होतं तिनं." मी पयलं इचारलं ते हे, की सही-अंगठा काय करायचा नाय ना? तो बिचारा गोंधळला. नाही बोलला. मंग ठेव, बोलले.

तो गेला आनि मी करंदी सोलून संपवली. रडू नाय आलं. आमच्यासारखीचं रडून आधीच झालेलं असतं. मंग हात धुतले आनि खोक्यांकडं बगत बसले. मला वाचता येत नाय. आकडे येतात, ते बाजारात बसून आलेत. सही येते, ती एकदा अंगठा देऊन फसल्यावर शिकले. मंग अशा बाईला खोके भरून इंग्रजी पुस्तकं कोन देतं? आनि कशापायी देतं? आज इतके दिवस झाले, मला अजून हे बरोबर वाटत नाय. नात बोलली, आजी, पेपरच्या पुरवनीत लोक गेलेल्या मानसावर असं लिवतात, तू सांग, मी लिवते. गेलेल्याचं चांगलंच बोलायचं असतं म्हंतात. मी जसं होतं तसं सांगते.

ती मला भेटली वसईच्या बाजारात. मी तिथं मासे घेऊन बसायचे, माज्या बाजूला नंदाखालची सांतानबाय केळी घेऊन. ही आली, बारकी, सुकी, डोक्यावर टोपी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट नाड्या बांधलेले. बोंबलाकडं बगितलंच नाय. इचारते काय, "मावशी, तुमच्याकडे होडीला शीड लावायचे ना, ते उलट्या वाऱ्यात कसं फिरवायचे?" मी बोलले, "मावशी कोनाला म्हंतेस? तुजे केस माज्यापेक्षा पांढरे. बोंबील घ्यायचा काय?" तर हसली आनि बोंबील घेतले. दुसऱ्या येळेला परत आली, परत बोंबील घेतले, परत इचारलं, तुमच्या घरी होडी हाय काय, शिडाची हाय काय, कोन चालवायचं. ती गेल्यावर सांतानबाय माज्या कानाला लागली. "वकिलीन असंल गो. कोर्टाकडून येते ती." मी बोलले, "वकिलीन इतके बोंबील खात नाय." पन मनात आलंच. होडी इचारनारी बाई मी जन्मात बगितली नव्हती. बाया माशाचा भाव इचारतात, ताजा हाय काय इचारतात, खवले काढून दे म्हंतात. होडी कोन इचारतं?

माजा संशय काय उगाच नाय. मागं एक मानूस असाच आला होता, लय गोड. आमच्या बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्यांचे फोटो काढले, बाया किती, कुठून कुठपर्यंत सुकवता, सगळं इचारलं, पोरांना गोळ्या वाटल्या. तुमचंच भलं हाय बोलला आनि अंगठे घेतले. कोन होता, कोनाचा होता, आजपर्यंत कळलं नाय. पुढं तिथं भिंत आली आनि आमचे बोंबील घराच्या कौलांवर सुकायला लागले. तेव्हापासून मी ठरवलं, गोड बोलनारा घरादाराचं इचारायला लागला की आपन कडू बोलायचं.

आनि होडीचं तर माज्या घरी कोनीच बोलत नव्हतं. सांगायला पायजे, त्याशिवाय पुढलं कळनार नाय. आमच्यात होडीत चपला घालून चढत नाय. होडी म्हंजे लक्ष्मी. बाप्ये किनाऱ्यावर चपला काढून ठेवतात आनि जातात. आमी बाया भरतीच्या येळेला किनाऱ्यावर आलो की चपलांकडं बगतो. ज्याच्या चपला हायेत तो अजून दर्यात हाय, ज्याच्या नाय तो घरी आला. कोनाला इचारायला लागत नाय. आमचा मानूस मोठ्या बोटीवर खलाशी होता, पन घरची एक धाकली शिडाची होडी होती, तिच्यात बोट बंद असली की एकटा जायचा, किनाऱ्या-किनाऱ्यानं. असाच एकदा गेला. वारा फिरला. होडी मिळाली खाडीच्या तोंडाला, वाळूच्या दांड्यावर, सरळ बसलेली, जशी कोनी हातानं ठेवलीय. आत वल्हं होतं, शीड होतं. भाकरी बांधलेलं फडकं होतं, त्याची गाठ पन सोडलेली नव्हती. तो नव्हता. आनि त्याच्या चपला किनाऱ्यावर होत्या, त्यानं काढल्या तिथं, तोंड दर्याकडं. दुसऱ्या होड्यांवरचे सगळे घरी आले, सगळ्यांच्या चपला उचलल्या गेल्या. त्या दोन राहिल्या.

पुढलं काय सांगायचं. मुलगा गजा पाळण्यातनं नुकता भायेर आलेला, मुलगी पोटात. डोक्यावर पाटी घेतली आनि चालले. पावसात चालले, तापात चालले, बाळंतीन झाले आनि चालले. कोनाकडं हात नाय पसरला. होडी माजा दीर धर्मा आनि दोन गाववाल्यांनी ओढून घराच्या मागं आनली, तिथं उलटी नाय, सरळच ठेवली, कारन उलटी केली म्हंजे संपलं. ताडपत्री टाकली. दर वर्षी पाऊस लागायच्या आधी मी तिला माशाचं तेल चोळते. कोन म्हंतं येडी हाय, म्हनू दे. लाकूड तेल पितं, कुजत नाय. तिच्यात कोनी बसत नाय. मी पन नाय. पोरं खेळायला चढली तर फोक घेऊन जायचे.

तर ही कुंदाताई एका रविवारी आमच्या बंदरावर हजर. छत्री, पान्याची बाटली, पिशवीत जाडं पुस्तक. किल्ल्याकडनं चालत आली. बोटी बगत बसली. मंग पुढच्या रविवारी परत. मंग हळूहळू माज्या घराच्या मागं, भिंतीच्या सावलीत, होडीपासून चार हात लांब बसायला लागली आनि पुस्तक वाचायची. होडीला हात नाय लावायची. ते पन मला खटकलं. ज्याला चोरायचं नाय तो हात लावून बगतो, ज्याच्या मनात काय असतं तो लांब बसतो. मी जाऊन उभी राहिले. "काय पायजे बाय तुला?"

"काही नाही. बसायला जागा."

"जागाच पायजे असते सगळ्यांना."

ती हसली नाय. बोलली, "बसायला म्हणाले हो, यमुनाबाई. घ्यायला नाही."

पुस्तकात होड्यांची चित्रं होती. बारक्या होड्या, एकेक मानूस बसलेला, आजूबाजूला नुसता दर्या. मी इचारलं, हे कोन? बोलली, असे लोक असतात, एकटे निघतात, जग फिरून येतात. मी इचारलं, मासळी कुठं उतरवतात? तर बोलली, मासळी नाही पकडत, नुसते जातात. आता तुमीच सांगा. दर्यात नुसतं कोन जातं? ज्याच्या घरात दर्यानं मानूस खाल्लेला नाय तोच अशी पुस्तकं लिवनार आनि तोच वाचनार. मी त्या दिवशी तिला पानी पन नाय इचारलं.

आनि मंग नकाशाचा दिवस आला. ती बसली होती, मांडीवर मोठा कागद पसरलेला. मी पाठीमागनं गेले. नकाशा मला ओळखू येतो, भिंतीच्या येळेला बगितलेला. हा आमच्याच खाडीचा होता, किल्ल्याचा कोपरा बरोबर कळला. आनि त्याच्यावर आकडे. जमिनीवर थोडे, पन दर्यात... दर्यात सगळीकडं आकडे, मुंगीसारखे. माज्या पायाखालची वाळू सरकली. मी हाक मारली, बाया जमल्या. मी कागद ओढून घेतला. "बगा गो, दर्याचे पन प्लॉट पाडले हिनं! नंबर टाकून ठेवलेत!" कुंदाताई उठायला बगत होती, गुडघे धरून, "अहो ऐका, ते प्लॉट नाहीत, तो पाण्याचा..." कोन ऐकतं? एक बोलली, माजा नंबर कुठला हाय बगू. दुसरी बोलली, हिला टोपीसकट खाडीत बुडवा. बुडवली कोनी नाय, पन रिक्षापर्यंत सोडायला सगळ्या गेलो. कागद माज्याकडं राहिला.

संध्याकाळी धर्माला बोलावलं. तो आता म्हातारा, डोळ्याला कमी दिसतं. नकाशा ओट्यावर पसरला, त्यानं नाकाशी धरून बगितला आनि बोट फिरवायला लागला. किनाऱ्याकडनं भायेर, भायेरनं परत आत.  मंग बोलला, "वैनी, किनाऱ्याजवळ आकडा बारका हाय. भायेर जातो तसा मोठा होतो. जमिनीचे नंबर असे पान्यात शिरून मोठे होतात काय? ही खोली हाय. वावांत हाय. आमी दोरी सोडून मोजायचो ना, तीच." आनि हसायला लागला. "तुमी त्या बाईला हाकलली काय खोलीपायी?"

मी बोलले, "पान्याची खोली तरी हिला कशाला पायजे?"

 त्याचं बोट जिथं थांबलं होतं तिथं मी बगत होते. खाडीच्या तोंडाला वाळूचा दांडा काढलेला, बारीक बारीक ठिपक्यांनी, आनि बाजूला सगळ्यात बारका आकडा. होडी तिथं बसलेली मिळाली होती. इतकी वरसं ती जागा माज्या डोक्यातच होती... आनि हिच्या कागदावर पन होती. कोनीतरी तिथं दोरी सोडून मोजलं होतं.

नकाशा परत द्यायचा म्हनून, तिला सोडलेल्या रिक्षावाल्याला पत्ता इचारून, मी तिच्या घरी गोखिवऱ्याला गेले. खरं सांगायचं तर द्यायचा बहाना, मला तिचं घर बगायचं होतं. ती माजं घर बगून गेली, मी तिचं बगून येते. बिल्डिंग जुनी, मागं गाळे, दिवसभर मशीनींची घरघर. खिडकीतनं पत्रे दिसतात. पान्याचा थेंब नाय. आनि घरात भिंतभर पुस्तकं. सगळी होडीची. ती पुस्तकांची नावं सांगत होती आनि मी कोपरे बगत होते, अजून कुठले नकाशे हायेत, कोनाचे फोटो लावलेत, दारावर कुठल्या कंपनीची पाटी हाय काय. काय नव्हतं. एक पलंग, एक गॅस, एक बापाचा फोटो. बाप मोठ्या बंदरातल्या ऑफिसात कारकून होता. परदेशी बोटींवरचे लोक वाचून झालेली पुस्तकं टाकून जायचे, तो घरी आनायचा. ही लहानपनी तापात पडली तेव्हा ती वाचायला लागली आनि सुटलीच नाय. नकाशा पन त्याचाच, जुना. मंग नोकरी, मंग आई अंथरुनावर पडली ती बरीच वरसं. लग्न राहिलं. आई गेली तोवर हिचे गुडघे गेले.

"मंग होडीत कधी बसलीस?" मी इचारलं.

"कधीच नाही."

मी तिच्या तोंडाकडं बगितलं. खोटं बोलनारा मानूस आधी थोडा थांबतो. ती थांबली नव्हती.

चहा दिला. कपात दिला, काचेच्या गिलासात नाय, ते मी बगून ठेवलं. मंग बोलली, वाचून दाखवू? इंग्रजीतनं बगायची आनि मराठीत सांगायची. एक मानूस, स्वतः होडी बांधतो, एकटा निघतो, वादळ येतं, डोलकाठी मोडते, पाऊस पितो, मासे कच्चे खातो. बरी सांगत होती, खोटं कशाला बोलू. मी इचारलं, "घरी बायको होती काय त्याला?"

तिनं पानं उलटली. "होती असं एका ठिकाणी आलंय."

"ती काय करत होती तेव्हा?"

"ते लिहिलेलं नाहीये."

"मंग अर्धंच हाय तुजं पुस्तक. वाट बगनारीचं एक तरी हाय काय एवढ्यात?"

ती उठली. खरंच उठली, आनि भिंतीवरनं बोट फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. परत आली नि बसली. "नाही," बोलली. "एक पण नाही, यमुनाबाई. माझ्या कधी लक्षातच आलं नाही." तिचा चहा गार झाला. मला वाईट वाटायला पायजे होतं, पन मला वाटलं, बरं झालं, कळलं तुला.

तरी संशय गेला नाय. जाऊन बसतो कुठं, मानसाच्या अंगात मुरतो तो. ती परत रविवारची यायला लागली आनि एका रविवारी बोलली, "यमुनाबाई, एकदा मला या होडीत बसू द्याल? पाण्यात नको. इथंच, जमिनीवर." मी नाय बोलले. कारन इचारलं नाय तिनं. मी पन सांगितलं नाय. मनात बोलले, आज बसू दे, उद्या नेऊ दे. मुंगीला साखरेचा एक दाना पुरतो रांग लावायला.

आनि झालं पन तसंच, म्हंजे मला तसंच वाटलं. गजाला होडीची जागा पायजे होती. त्याची रिक्षा उन्हात उभी राहते, तिथं पत्रा टाकून शेड करायची होती. तो मला बोलून थकला. "आई, कुजतेय ती. तू तेल घालतेस ते जमिनीला जातं." एका रविवारी तो एका मानसाला घेऊन आला. रिसॉर्टवाला. काळा चष्मा, पायात टोकदार बूट. कुंदाताई आपली भिंतीपाशी पुस्तक घेऊन बसलेली. मी लगेच जोडलं. हिनं बगून ठेवली, हा न्यायला आला. इतके दिवस बसायला जागा, बसायला जागा... ही होती व्हय जागा.

तो मानूस गजाला सांगत होता, मला ऐकू येईल असं. "आजी, टेन्शन नका घेऊ. एकदम शोपीस बनवू. घासू, पॉलिश मारू, लायटिंग करू. आत फुल बर्फ, वर कोलंबी, खेकडे, लॉबस्टर. लोकं सेल्फी काढतील. तुमच्या होडीचं नाव होईल." आनि बोलता बोलता त्यानं बुटाचा पाय उचलला आनि होडीच्या काठावर ठेवला.

 गजा कोळ्याचा पोर, त्याची मान खाली गेली, पन मानूस त्यानंच आनलेला. मी फोक शोधायला लागले. तेवढ्यात कुंदाताईनं पुस्तक मिटलं. भिंतीला धरून उठली, होडीजवळ आली आनि वाळूत बसली. फतकल मारून. बुटाच्या नाड्या सोडायला लागली. बोटं वाकडी तिची, गाठ सुटेना. रिसॉर्टवाला बोलायचा थांबला. आमी सगळे बगत उभे. एक नाडी सुटली. बूट ओढून काढला, आतला मोजा काढला, घडी करून बुटात घातला. मंग दुसऱ्या पायाला लागली. "मॅडम, काय झालं?" रिसॉर्टवाला बोलला. तिनं मान पन वर केली नाय. दोन्ही बूट होडीच्या बाजूला जोडून ठेवले, टोकं होडीकडं. आनि मंग माज्याकडं बगितलं. काठ धरून चढायला लागली. गुडघा वाकेना, पाय वर जाईना, पोटावर पडून, एका बाजूनं घसरत, घोरपडीसारखी... आत गेली. उठून फळीवर बसली. टोपी सरळ केली.

"आता कशी नेता?" त्याला बोलली. "माणूस बसलेली होडी विकत नाहीत."

रिसॉर्टवाला हसला, गजाकडं बगून, ही कोन येडी असं. "मॅडम, उतरा, पडाल."

"मी नाही उतरत. मला सत्तर वर्षांनी होडी मिळालीय."

मी म्हटलं होतं ना, होडीत कोनी बसलं तर फोक घेऊन जायचे. त्या दिवशी फोक हातात होता. मी गेले आनि त्या बाप्याच्या बुटाच्या बाजूला काठावर सपकन मारला. पाय उचलला त्यानं. "आधी पाय काढ," मी बोलले, "मंग तोंड काढ." तो गेला. गजा त्याच्या मागं गेला नाय. उभाच राहिला.

मंग कुंदाताईला उतरता येईना. चढली होती जिद्दीवर, उतरायला जिद्द कामाला येत नाय. शेवटी गजानंच तिला उचलून भायेर काढली, पोरीसारखी. ती त्याला बोलली, "सॉरी हं, तुझी शेड राहिली." तो बोलला, "राहू द्या मावशी, रिक्षा काय, उन्हातच जन्मली ती."

मी तिला चहा केला, तिला पयल्यांदाच. ती ओट्यावर बसून पाय झटकत होती. मी इचारलं, "पुस्तकात लिवलंय काय, होडीत चपला काढून चढायचं?" माजा संशय, की ही शिकून आली, मला गुंडाळायला. ती बोलली, "उलट. पुस्तकात बूट घालायला सांगतात. घसरू नये म्हणून, खास तळाचे. हे बघा." आनि बूट उलटा करून दाखवला. तळाला बारीक बारीक कापे. होडीवर घालायचे बूट होते ते, नोकरीत असताना घेतलेले, कधीतरी होडीत बसेन म्हनून. गटारावरनं, बाजारातनं फिरले बिचारे, आनि होडी मिळाली तेव्हा काढून ठेवायला लागले.

"मंग कोनी सांगितलं तुला काढायला?"

"तुमचे पाय बघितले. तेल लावायला आलात की चपला लांब काढून ठेवता. म्हणलं, काहीतरी असणार."

मी तिला तेव्हा त्या चपलांचं सांगितलं. किनाऱ्यावरच्या, दोन राहिलेल्या. धर्मा सोडून कोनाशी बोलले नव्हते. तिनं मधी एकदा पन अरेरे केलं नाय. नुसतं ऐकलं, आनि शेवटी बोलली, "हे आहे बघा, ते पुस्तक. नसलेलं." मला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाय. आता लागतो थोडा... का मी लावून घेते, कोन जाने.

त्याच्यानंतर ती रविवारची होडीतच बसायची. गजानं दोन पाट्या उलट्या घालून पायरी केली. नाड्या सोडायला तिला येळ लागायचा, तोवर मी काम करायचे. बूट भायेर, ती आत, पुस्तक मांडीवर. कधी वाचलेलं मोठ्यानं सांगायची, मी ओट्यावरनं ओरडायचे, बायको कुठाय त्याची? ती ओरडायची, अजून पत्ता नाही! मी तिला आनखी एकदा इचारलं, "खरं सांग, तुला काय पायजे?" बोलली, "मिळालं की." हे काय उत्तर झालं? मंग रविवार चुकायला लागले. गुडघे म्हनाली, मंग छाती म्हनाली. मी बोंबील पाठवले गजाच्या रिक्षातनं. मंग ते पन नको बोलली. आनि मंग इस्त्रीचा शर्ट आला.

खोक्यांच्या वर एका पिशवीत ते बूट होते. भाचा बोलला होता, "हे पण द्यायला सांगितले. का ते माहीत नाही." मेलेल्या मानसाच्या चपला आमी घरात घेत नाय. टाकून देतात, कोनाला तरी देऊन टाकतात. मी पिशवी हातात धरून बराच येळ उभी होते. आमच्या मानसाच्या पन मी घरात घेतल्या नव्हत्या, होडीच्या खाली ठेवल्या होत्या, वाळवी लागली आनि गेल्या. हिला हे मी सांगितलेलं. म्हंजे हिनं ठरवून पाठवले. गेल्यावर पन बाई मला काहीतरी करायला लावतेय, असं मला वाटलं, आनि राग आला. पुस्तकं मासळीच्या कॅरेटमधी प्लास्टिक घालून होडीत ठेवली, वर ताडपत्री. बूट भायेर, वाळूत, जोडून. टोकं होडीकडं.

गेल्या रविवारी परत एक जन आला. हा दुसरा, बंगल्याच्या बागेत होडी ठेवनारा, फुलांची झाडं लावायला. कोनीतरी त्याला आमची होडी सांगितलेली. मी ओट्यावर मासे साफ करत होते. गजा रिक्षा धूत होता. तो मानूस होडीच्या भोवती फिरला, ताडपत्री उचलायला वाकला, आनि त्याला बूट दिसले. "हे कोणाचे?" त्यानं इचारलं.

मी बोलायला तोंड उघडलं, पन गजा आधी बोलला, पाईप बंद न करता. "आत मानूस हाय. बूट दिसत नाय काय?"

तो मानूस जरा थांबला, होडीकडं बगितलं, आमच्याकडं बगितलं, आनि गेला.  मासे साफ करत होते, करतच राहिले. पन गजा असं का बोलला, त्याच्या मनात काय हाय, ते मला अजून कळलेलं नाय. इचारलं पन नाय. संध्याकाळी दव पडायच्या आधी मी बूट उचलून ताडपत्रीच्या कडेखाली सरकवते. सकाळी उठले की ओट्यावरनं आधी तिकडं नजर जाते, आनि गजानं ते भायेर काढून ठेवलेले असतात.